भिंगरीचा मागचा डावा पाय

माणसानं रविवारी गावाला जावं, विहारात वंदना करावी, काकूच्या हातची तांदळाची भाकरी खावी आणि तोंड मिटून संध्याकाळची गाडी धरावी. यातलं तोंड मिटणं सोडलं तर बाकी सगळं मला उत्तम जमतं. निशा, म्हणजे माझी बायको, लग्न झाल्यापासून हे सांगत आलीय. पण ती माझीच बायको असल्यामुळे मी तिचं म्हणणं फारसं मनावर घेत नव्हतो.

त्या रविवारी तुडीलला विहारासमोर सगळी वाडी गोळा झाली होती आणि मधोमध भिंगरी बसली होती. भिंगरी ही वाडीची शिकारी कुत्री. शिकारी म्हणायचं ते आपलं परंपरेनं. तिनं आजवर एकही रानडुक्कर मारलेलं नाही. ती डुकराला फक्त शेताबाहेरची वाट दाखवते, पण अशी दाखवते की ते पुढचा आठवडाभर त्या बाजूला फिरकत नाही. शेतात पत्र्याचा डबा वाजला की भिंगरी सुटलीच म्हणून समजा. आदल्या रात्री ती अशीच सुटली आणि उंच बांधावरून खाली कोसळली. मागचा डावा पाय वर धरून, तीन पायांवर उड्या मारत घरी आली. इकडे भात पोटरीला आलेलं. दाणा भरला की डुकरांचे कळपच्या कळप उतरणार, आणि त्यांना हाकणारी तर पाय वर धरून बसलेली. सगळ्यांचे चेहरे उतरले होते.

चेहरे उतरले तरी सल्ले थांबत नाहीत. कुणी म्हणालं हळद-चुन्याचा लेप, कुणी म्हणालं निगडीचा पाला शेकून बांधा, कुणी थेट बिब्ब्यावर आलं. धम्मपालनं सांगितलं की आंबेनळी घाटाच्या पायथ्याला एक म्हातारा हाडं बसवतो, बैलाचीसुद्धा बसवतो. मग चौकशीअंती असं निघालं की तो म्हातारा मागच्या वर्षी वारला आणि त्याच्या मुलानं तिथं मोबाईलचं दुकान टाकलंय. तरीही दोघांचं म्हणणं पडलं की मुलाला विचारून बघायला काय हरकत आहे, हातगुण असतो.

इथं माझ्यातला वरिष्ठ लिपिक जागा झाला. मी उभा राहिलो, सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या आणि म्हणालो, "विज्ञानाच्या युगात काय हे! महाडला जनावरांचा चांगला दवाखाना आहे. तालुक्याच्या गावी आमच्या ओळखी आहेत. मी बघतो काय ते."

महादूकाका, म्हणजे माझे सख्खे चुलते, वाडीतले सगळ्यात म्हातारे. शेतातल्या राखणीच्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, अजून सगळ्यात जास्त रात्री तेच काढतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, भिंगरीकडे बघितलं आणि म्हणाले, "मग घेऊन जा रे. पन एक सांगतो अरविंदा, दाना भरायच्या आत ती हितं पायजे. तिच्याबिगर हंगाम नाय निघायचा."

"पायावर उभी करूनच आणतो," मी म्हणालो. निशानं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला मागून स्पष्ट ऐकू आला.

महाडला आम्ही तीनचाकी मिनीडोरनं आलो. भिंगरी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, कारण तिचा पाय दुखत होता. मी मागे, भाजीच्या दोन करंड्यांच्या मध्ये. माझे पाय त्या वेळी ठीक होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. ओळखीचा माणूस बदली होऊन गेला होता. खिडकीतल्या नव्या माणसानं केसपेपर पुढ्यात ओढला आणि विचारलं, "मालकाचं नाव?"

आता हा प्रश्न वरकरणी सोपा आहे. पण भिंगरीला मालक नाही, म्हणजे फार आहेत. आमच्या वाडीची रीत अशी की राखणीच्या कुत्र्याला रोज एका घरानं भाकरी घालायची, पाळीपाळीनं. ज्यानं भाकरी घातली त्याची कुत्री. म्हणजे ती सगळ्यांचीच. मी हे त्या गृहस्थांना सविस्तर समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आज कुणाची पाळी?"

"आज जानकीकाकूंची."

"मग जानकीबाई लिहू? उद्या इंजेक्शनला आलात तर नाव बदलायला अर्ज लागेल."

मागे एक म्हैस ताटकळत होती, तिचा मालक तर त्याहून. मी घाईघाईनं म्हणालो, "माझं लिहा." आणि काम झाल्याचा पुरावा म्हणून त्या केसपेपरचा फोटो काढून वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. माणसाची बुद्धी फिरते ती अशी.

डॉक्टर सारिका तरुण होत्या, पण हात असा हलका की भिंगरीनं तक्रार केली नाही. "कसं लागलं?" त्यांनी विचारलं.

"शिकारीत," मी ऐटीत म्हणालो.

त्यांचा हात थांबला. "रानडुकराची शिकार? त्याला बंदी आहे, माहीत आहे ना? आणि तुम्ही सरकारी नोकर दिसता."

खिशातल्या ओळखपत्राची दोरी बाहेर लोंबत होती, ती मी आत सरकवली. "शिकार म्हणजे राखण हो! ही फक्त भुंकते. फार तर पळवते. मारणं वगैरे तिच्या स्वभावात नाही," असं मी बराच वेळ बोलत राहिलो. भिंगरीनं त्या वेळी टेबलाखालच्या मांजराकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती सुदैवानं डॉक्टरांना दिसली नाही.

निदान झालं. हाड शाबूत होतं, गुडघ्याची शीर ताणली गेली होती. "गोळ्या देते, पण खरं औषध म्हणजे विश्रांती," डॉक्टर म्हणाल्या. "पळणं नाही, उड्या नाहीत. जिने तर अजिबात नाहीत. दोरीला धरून थोडं थोडं चालवा, शेक द्या. सूज उतरली की घोटाभर पाण्यात चालवा. धावणाऱ्या कुत्र्याला बसवून ठेवणं अवघड असतं, पण आत्ता पळाली तर पाय कायमचा अधू होईल."

आता आमचं घर. मोठ्या पुरानंतर महाडात ज्याचा मजला वरचा, त्याचा मान मोठा. आम्ही कर्ज काढून 'सुखशांती' इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, आणि लिफ्ट नाही हे आम्ही पाहुण्यांना तब्येतीचा फायदा म्हणून सांगत असू. भिंगरीला दिवसातून दोनदा खाली न्यायचं आणि दोनदा वर आणायचं. ती दिसायला काटक. उचलली की कळतं की आत अर्धं पोतं तांदूळ आहे. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर मी टेकलो तेव्हा तिनं माझा कान चाटला. मला वाटलं कृतज्ञता. आता वाटतं, चल म्हणत असावी.

त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. "जय भीम. अरविंदा, धम्मपाल विचारतोय, कुत्री तुज्या नावावर कशी काय चढली?"

"काका, तो केसपेपर आहे! सातबारा नाही!"

"ते मला समजतं रे. पन ग्रुपवर लय बोलाचाली चाललीय. कोनी म्हनतं, भाकरी बंद झाली की हक्क ग्येला. म्हनून असं ठरलंय, ज्याची पाळी असंल त्याची भाकरी रोज मिनीडोरनं येनार. तू फक्त उतरवून घ्यायची."

आणि खरोखरच रोज सकाळी तुडीलहून फडक्यात बांधलेली एक भाकरी येऊ लागली. कचेरीत जाण्याआधी मी स्टँडवर उभा राहून ती घ्यायचो. ड्रायव्हर लांबूनच ओरडायचा, "साहेब, तुमच्या कुत्रीचा डबा!" स्टँडवरचे लोक वळून बघायचे. माझ्या नोकरीच्या एवढ्या वर्षांत मला 'साहेब' अशी जाहीर हाक पहिल्यांदाच मिळत होती आणि ती अशी.

चौथ्या-पाचव्या दिवशी इमारतीचे सेक्रेटरी कोंडाजीराव दारात उभे राहिले. पोलादपूरकडचे, निवृत्त, आणि निवृत्त माणसाला असतो तेवढा सगळा वेळ त्यांच्याकडे होता. "सोसायटीच्या नियमात शिकारी जनावर बसत नाही," ते म्हणाले. "तक्रार आलीय."

"कुणाची?"

"माझीच." मग त्यांनी चप्पल काढली, आत आले, भिंगरीचा पाय नीट न्याहाळला आणि विचारलं, "निगडीचा पाला बांधलात का?" निशानं चहा टाकला. तासाभरानं ते गेले तेव्हा पायाला पाला बांधलेला होता आणि तक्रारीचं काय झालं हे मी विचारलं नाही.

सूज उतरल्यावर पाण्यात चालवण्याचा प्रश्न आला. मी सावित्रीवर नेतो म्हणालो तर कोंडाजीराव ताडकन उठले. "नदीत मगरी आहेत! एक पाय बरा करायला जाल आणि तीन घालवून याल." म्हणून मी तिला गावाबाहेरच्या ओढ्यावर नेलं. विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, दोरी मनगटाला दोन वेढे देऊन पक्की केली आणि आम्ही दोघं घोटाभर पाण्यात संथपणे चालू लागलो. फार प्रसन्न वाटत होतं. एवढ्यात पलीकडच्या काठावरून एक बगळा उडाला.

बगळा उडाला हे मला नंतर कळलं. आधी मला आकाश दिसलं, मग पाणी, मग पुन्हा आकाश. भिंगरी दोन उड्यांत थांबली, कारण मागे मी बांधलेला होतो. मी वर पाहिलं तर पुलावर आमच्या कचेरीचे साहेब मोटारसायकल थांबवून उभे. "आज रजा टाकलीत ती यासाठी?" त्यांनी विचारलं. मी झोपल्या झोपल्याच "हो सर" म्हणालो, कारण उठता येत नव्हतं. कंबरेत काहीतरी कटकन वाजलं होतं.

माणसांच्या डॉक्टरांनी मला तपासलं. हाड शाबूत होतं, शीर ताणली गेली होती. पळणं नाही, वजन उचलणं नाही, जिने अजिबात नाहीत, शेक द्या. मी चिठ्ठी घरी आणली तर निशा म्हणाली, "ही तर भिंगरीचीच चिठ्ठी आहे." त्या दिवसापासून ती एकाच पातेल्यात पाणी तापवायची आणि दोन फडकी बुडवायची. कुठलं कुणाचं हे सुरुवातीला तरी ती लक्षात ठेवत होती.

उचलायचं थांबलं मात्र नाही. निशा उचलायला गेली की भिंगरी अंग सैल सोडून जमिनीवर पसरायची. तिला मीच लागायचो. मी दारात दिसलो की मागचा डावा पाय वर, मान तिरकी, आणि डोळ्यांत असं काही की दगडालाही पाझर फुटावा. दिवसांमागून दिवस गेले, गोळ्या संपल्या, पाय काही खाली टेकेना. मी एक हात रेलिंगला, एक हात भिंगरीखाली घालून कण्हत जिना चढायचो. खालच्या मजल्यांवरची दारं किलकिली व्हायची आणि आतून "बिचारे" असं ऐकू यायचं. कुणाबद्दल ते कळायचं नाही.

आणि तिकडे दाणा भरत आला. काकांचे फोन लहान होत गेले. एका सकाळी म्हणाले, "काल जानकीच्या खाचरात डुकरं लोळली. कोपरा सपाट केला. मी माळ्यावरनं डबा वाजवला रे, पन नुसत्या डब्याला ती भीत नायत आता." मग विचारलं, "तिच्या पायाचं काय?"

विहारासमोर बाह्या सारख्या करून मी शब्द दिला होता. काकांचं वय झालंय, रात्र रात्र ते गारव्यात बसताहेत, आणि त्यांचा भरवसा मी माझ्या तिसऱ्या मजल्यावर उशीवर झोपवून ठेवलाय, या विचारानं मला त्या दिवशी कचेरीत जेवण गेलं नाही. अर्धी रजा टाकली आणि दुपारी घरी निघालो. म्हटलं, पुन्हा डॉक्टरांकडे नेऊ, पुण्याला नेऊ, काहीही करू.

इमारतीच्या फाटकाशी आलो आणि वरून डब्याचा दणदणाट ऐकू आला. मान वर केली. गच्चीच्या कठड्यावरून वानरांची अख्खी टोळी जीव मुठीत घेऊन शेजारच्या आंब्यावर उड्या टाकत होती. कठड्याच्या आत कोंडाजीराव तेलाचा रिकामा डबा बडवत होते. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाऱ्यासारखी, भिंगरी धावत होती. चारही पायांवर!

मी जिन्यानं सुटलो. गच्चीवर पोचलो तेव्हा तिथं निम्मी इमारत होती. कोंडाजीरावांच्या पत्नी ठकूबाई कोहळ्याच्या सांडग्यांच्या चादरीशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. निशासुद्धा होती, आणि तिनं नजर चुकवली.

भिंगरीनं मला पाहिलं. ती जागच्या जागी थांबली, आणि अगदी सावकाश तिचा मागचा डावा पाय वर गेला.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"झाले असतील आठ-दहा दिवस," निशा पुटपुटली. "मी सांगणारच होते. पण वानरं टाकीची झाकणं उघडत होती हो, आणि हिनं एकदा हाकलली तर पुन्हा तीन दिवस आली नाहीत. सगळे म्हणाले, एवढ्यात नका सांगू."

"आणि खाते काय ही? ती उशीसारखी गुबगुबीत झालीय!"

"आज आमची पाळी," ठकूबाई अभिमानानं म्हणाल्या. "काल खालच्या पूजाची होती. तुमच्या गावची रीत निशानं सांगितली, आम्हाला पटली."

म्हणजे मी कंबर मोडून जी उचलत होतो ती कुत्री रोज दुपारी गच्चीवर शर्यती लावत होती, आणि हे मी सोडून सगळ्या महाडाला ठाऊक होतं! मी संतापानं काही बोलणार, तेवढ्यात निशा म्हणाली, "पण तुम्ही आत्ता तीन मजले धावत आलात ना? रेलिंग न धरता?"

मी ताबडतोब कंबरेवर हात ठेवला. पण उशीर झाला होता. त्या दिवसापासून मला अंथरुणात चहा मिळणं बंद झालं.

डॉक्टर सारिकांनी भिंगरीचा पाय ओढून, दाबून, वाकवून पाहिला. "ठणठणीत आहे. लंगडते कधी?" मी म्हणालो, मी समोर असलो की. त्या हसल्या. "मग आजार पायाचा नाही. कामावर पाठवा तिला. पहिले चार दिवस जपून."

काकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः मिनीडोर घेऊन हजर. पण फाटकात कोंडाजीराव, ठकूबाई आणि मागे सगळे बिऱ्हाडकरू उभे. कोंडाजीरावांनी घसा साफ केला. "महादूबुवा, कुत्री तुमची, मान्य. पण तुमचीच रीत आहे, भाकरी घालेल त्याची कुत्री. भाकरी आम्हीही घातलीय. दूध, अंडी वेगळीच. तेव्हा आमचाही हक्क लागतो."

मी काकांकडे पाहिलं. काका रीतीबाहेर जाणारे नव्हेत. केसपेपरवरच्या नावावरून रोज भाकऱ्या पाठवणारी वाडी ती. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"खरं हाय," ते म्हणाले. कोंडाजीरावांचा चेहरा खुलला. "भाकरी घातलीत म्हंजे कुत्री तुमची बी. नाय कशी म्हनू? आता आमच्याकडं रीत अशी हाय, जो भाकरी घालतो त्यानं पाळीनं माळ्यावर राखनीला बसायचं. बाया-बाप्ये समदे. तुमची पाळी रविवारी लावू का मंगळवारी?"

कोंडाजीरावांनी वळून मागे पाहिलं. मागची गर्दी बरीच विरळ झाली होती. पण माणूस पोलादपूरचा, शब्दाला जागणारा. "रविवारी," ते म्हणाले. "डबा माझाच आणीन."

भिंगरी तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून हे ऐकत असावी. मी वर गेलो, म्हटलं आता शेवटचं उचलून खाली न्यावं. वाकलो. पण खालून काकांची शीळ आली आणि माझ्या दोन पायांमधून ती सुसाट खाली गेली. मिनीडोरमध्ये उडी मारून ड्रायव्हरशेजारी बसली. गाडी वळणाला गेली तरी तिनं मागे पाहिलं नाही. मला वाईट वाटलं. एवढ्याशा गोष्टीचं काय वाईट वाटून घ्यायचं, असं मी निशाला दोनदा म्हणालो, तिनं विचारलं नव्हतं तरी.

रविवारी आम्ही कोंडाजीरावांबरोबर तुडीलला गेलो. ते कानटोपी, बॅटरी आणि तेलाचा डबा घेऊन आले होते. ऊन उतरलं, शेतं पिवळी धमक दिसत होती, आणि अंधार पडायच्या आतच रानाच्या कडेला भात हलू लागलं. काकांनी खूण केली. कोंडाजीरावांनी माळ्यावरून असा काही डबा बडवला की माझेच पाय पळायला निघाले. आणि भिंगरी सुटली. बांध, चर, पुन्हा बांध. कुठं अडली नाही, कुठं पाय आखडला नाही. डुकरांचा कळप चिखल उडवत रानात घुसला, आणि मागून तिचं भुंकणं डोंगरापर्यंत वाजत गेलं. जानकीकाकूनं पदरानं डोळे पुसले. वाडीतली सगळी माणसं बांधावर उभी राहून ओरडत होती. काका माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

थोड्या वेळानं ती परत आली, जीभ बाहेर काढून, चिखलानं माखून. सगळ्यांच्या मधून ऐटीत चालत होती. तेवढ्यात तिला मी दिसलो. ती थांबली, मान तिरकी केली आणि पाय वर धरला. पुढचा. उजवा.

बांधावर हशा पिकला. "अरविंदा, तो पाय न्हवं रे!" काका ओरडले.

"माहीत आहे, काका," मी म्हणालो, आणि सगळ्या वाडीदेखत खाली वाकून तिला उचललं.